उद्यानातले आश्रित : दुर्मीळ वनस्पती ‘वाचली’ असे कधी म्हणावे?

१/
१९१६ साली दक्षिण आफ्रिकेतील ओन्गोये अरण्यातून एक खोड मुळासकट काढून प्रिटोरियाला नेण्यात आले. त्या जातीचे अरण्यात उरलेले ते अखेरचे खोड होते आणि ते वाचावे, हाच ते हलवण्यामागचा हेतू होता. १९६४ साली ते प्रिटोरियात मेले. त्याच्याच भावंडांचे फुटवे मात्र आज जगभरच्या उद्यानांत जोमाने वाढत आहेत. मग ही जात वाचली म्हणायची, की गेली? दुर्मीळ वनस्पतींना त्यांच्या मूळ भूमीबाहेर जपण्याचा सुमारे अडीचशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. हा धागा त्याविषयी.

२/
वनस्पती जपण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली, ती जिथे उगवते तिथेच, तिच्या माती-पाणी-किडामुंगीसह तिला राखणे. हे स्वस्थानी संवर्धन. दुसरी, तिला तिथून उचलून वनस्पती उद्यानात, रोपवाटिकेत, बीजपेढीत किंवा प्रयोगशाळेतील नळीत जपणे. हे परस्थानी संवर्धन. दुसरी वाट अनेकदा अखेरचा उपाय असते आणि काही जाती आज केवळ तिच्यामुळे पृथ्वीवर आहेत. तरीही तिचे यश बहुधा आकड्यांनी मोजले जाते : किती जाती, किती कुंड्या, किती बिया.

३/
इतिहास वेगळी फूटपट्टी देतो. उद्यान हा आश्रय आहे, घर नव्हे. आणि आश्रय सार्थ ठरतो तो दोन अटींवर. आश्रिताची कुळकथा, म्हणजे तो कुठून आला, कधी आला, किती जणांतून आला, हे नीट लिहून ठेवलेले असावे. आणि त्याला परत जाता यावे, असे घर मागे राखलेले असावे. यांतली एक अट जरी मोडली, तरी वाचवलेली जात अर्धीच वाचते. पुढील उदाहरणे याची साक्ष आहेत.

४/
पहिली अट इतिहासाच्या अभ्यासकाला समजावून सांगावी लागत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. एखादा कागद आपल्या रुमालातून सुटून भलत्याच गठ्ठ्यात गेला, तर अक्षरे शाबूत राहतात. पण तो कोणत्या प्रकरणातला, त्याच्या आगेमागे काय होते, हे हरवते. कुंडीतल्या रोपाचेही तसेच आहे. कोणत्या डोंगराच्या कोणत्या उतारावरून, कोणत्या साली ते आणले, ही नोंद ज्या रोपासोबत नाही, ते शोभेचे झाड म्हणून सुखाने जगेल. त्या जातीला तिच्या डोंगरावर परत नेण्याच्या कामी मात्र ते फारसे येणार नाही.

५/
वनस्पती उद्याने मुळात दुर्मिळांच्या रक्षणासाठी निघालीच नव्हती, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. कोलकात्याजवळ शिबपूर येथे १७८७ साली रॉबर्ट किड याने कंपनी सरकारसाठी जे उद्यान सुरू केले, त्यामागे जहाजांसाठी सागवान आणि दुष्काळात उपयोगी पडणारी अन्नझाडे हे विचार होते. १८६० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतून आणलेला सिंकोना निलगिरीत रुजवला गेला, तो हिवतापावरच्या क्विनाइनसाठी. १८७६ साली हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात पोहोचवल्या. त्यांतल्या जेमतेम २,७०० च्या आसपास रुजल्या. पण तेवढ्या रोपांतून आशियातील रबराचे मळे उभे राहिले आणि ब्राझीलची मक्तेदारी मोडली.

६/
म्हणजे झाड एका भूमीतून उचलून दुसरीत जगवण्याची विद्या साम्राज्याच्या व्यापारातून पक्की झाली. काचेची घरे, रोपांच्या पेट्या, उद्यानांचे परस्परांशी असलेले जाळे, हे सारे त्याच काळातले. पुढे हीच विद्या दुर्मीळ जाती वाचवण्याच्या कामी आली. वारसा असा दुहेरी असल्यामुळेच आजही एक प्रश्न प्रत्येक उद्यानाला विचारणे रास्त ठरते : झाड इथे आणले ते कोणासाठी, आणि त्याच्या मूळ भूमीला त्यातून काय परत मिळणार?

७/
महाराष्ट्रातही असे एक उद्यान होते. पुण्याजवळच्या दापोडीला, इंग्रजी कागदांत ज्याला ‘दापुरी’ म्हटले आहे तिथे, मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत १८२८ साली मुंबई इलाख्याचे वनस्पती उद्यान उभे राहिले. त्याची धुरा पुढे अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरकडे आली. फौजेला व इस्पितळांना लागणाऱ्या औषधी वनस्पतींची लागवड हे त्याच्या कामाचे एक मोठे अंग होते. हाच गिब्सन १८४७ साली इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. निकोल डाल्झेल याच्यासह त्याने लिहिलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ साली प्रसिद्ध झाला.

८/
१८४७ ते १८५० या वर्षांत गिब्सनने एका चित्रकाराकडून दापोडीच्या झाडांची दीडशेहून अधिक रंगचित्रे काढून घेतली. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढेच कळते. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. चित्रे एडिंबरोच्या राजकीय वनस्पती उद्यानात आजही आहेत. ज्या उद्यानात ती काढली गेली, ते मात्र १८६५ च्या सुमारास सरकारने निकाली काढले. झाडे गेली, कागद राहिले. उद्यान म्हणजे अखेर अंदाजपत्रकातली एक ओळ असते. एखाद्या जातीचे सगळे अस्तित्व एकाच उद्यानाच्या हवाली करणे म्हणजे ती जात पुढच्या शंभर अंदाजपत्रकांच्या हवाली करणे होय.

९/
आता घर हरवलेल्या आश्रिताची गोष्ट. १७६५ च्या ऑक्टोबरमध्ये जॉन बार्ट्रम आणि त्याचा मुलगा विल्यम यांना अमेरिकेतील जॉर्जियात, अल्टमाहा नदीकाठी एक अनोळखी झाड दिसले. काही वर्षांनी विल्यम पुन्हा तिकडे गेला, त्याने बी गोळा केले आणि ते फिलाडेल्फियाच्या घरच्या बागेत रुजवले. पांढऱ्या फुलांच्या या झाडाला बेंजामिन फ्रँक्लिनच्या सन्मानार्थ ‘फ्रँक्लिनिया’ असे नाव मिळाले. रानात ते अखेरचे दिसल्याची नोंद १८०३ सालची आहे. त्यानंतर त्या नदीकाठी अनेकांनी शोध घेतला. झाड कोणालाच सापडले नाही.

१०/
आज बागांत दिसणारी फ्रँक्लिनियाची सर्व झाडे बार्ट्रम यांच्या त्या बियांची संतती असल्याचे मानले जाते. झाड रानातून का गेले, याचे उत्तर निश्चित नाही. कापसाच्या शेतीबरोबर आलेला रोग, पूर, वणवे, संग्राहकांची हाव, असे अनेक तर्क आहेत. नेमके हेच या गोष्टीतले वैगुण्य. कारण ठाऊक नसल्यामुळे झाड परत नेले तरी ते पुन्हा त्याच कारणाने मरणार नाही, याची खात्री कोण देणार? बार्ट्रम पितापुत्रांनी झाडाची नोंद ठेवली, बी जपले. पण घराकडे लक्ष ठेवायला तिथे कोणी नव्हते. दोनशे वर्षांहून अधिक काळ फ्रँक्लिनिया परक्यांच्या अंगणात फुलते आहे.

११/
ओन्गोयेच्या झाडाची कथा याहून करुण आहे. ते एन्सेफॅलार्टॉस वूडाय : सायकॅड कुळातले, वरवर ताडासारखे दिसणारे, अतिप्राचीन वंशाचे झाड. डर्बन वनस्पती उद्यानाचे प्रमुख जॉन मेडली वूड यांना १८९५ साली त्याचे एकच बेट सापडले. बेटातील खोडे एकाच झाडाची. १८९९ साली एक रोप क्यू उद्यानात गेले. १९०३ मध्ये बुंध्याशी फुटलेले फुटवे डर्बनला आणले गेले, १९०७ मध्ये दोन मोठी खोडे काढून आणली गेली. अरण्यात उरलेले शेवटचे खोड १९१६ मध्ये हलवले गेले.

१२/
सायकॅडमध्ये नर आणि मादी झाडे वेगळी असतात. वूड यांना सापडलेले झाड नर होते. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत मादी कोणालाही सापडलेली नाही. अलीकडे ओन्गोयेच्या वर ड्रोन उडवूनही तिचा शोध घेण्यात आला. क्यूमधील झाडाला पहिला शंकू आला तो २००४ साली, म्हणजे तिथे पोहोचल्यावर १०५ वर्षांनी. परागकण निर्माण होतात, पण त्यांना स्वीकारणारे कोणी नाही. जगातील यच्चयावत वूडाय ही एकाच झाडाची फुटव्यांतून वाढवलेली प्रत आहे. हजार कुंड्या भरल्या तरी जीवशास्त्राच्या हिशेबात ते एकच झाड.

१३/
आकड्यांची फूटपट्टी इथेच तुटते. संग्रहात एखाद्या जातीची ५०० रोपे आहेत, हे ऐकायला भरघोस वाटते. ती ५०० झाडांच्या बियांतून आली असतील तर तो खरोखरच ठेवा आहे. ती एकाच झाडाच्या फांद्या तोडून केलेली असतील, तर एक बुरशी, एक कीड, एक कडक उन्हाळा त्या सगळ्यांना एकदमच नेऊ शकतो. कारण त्यांच्यात वेगळे असे काहीच नाही. विविधता ही जातीची गंगाजळी असते. म्हणून ‘किती जणांतून आला’ ही नोंद कुळकथेचा अविभाज्य भाग ठरते.

१४/
घर शाबूत आहे, पण बदलले आहे, अशीही एक अवस्था असते. पॅसिफिकमधील ईस्टर बेटावरचे तोरोमिरो हे झुडूप बेटावरच्या प्रसिद्ध लाकडी मूर्तींसाठी वापरले जाई. तोड आणि माणसाने आणलेली गुरे-मेंढरे यांनी त्याचा नायनाट केला. १९५५-५६ च्या मोहिमेत थोर हेयरडाल यांनी अखेरच्या झाडाचे बी आणले आणि ते स्वीडनमधील गोटेबोर्ग येथे रुजले. रोपे बेटावर परत नेण्याचे प्रयत्न मात्र पुन्हा पुन्हा फसले. धूप झालेल्या जमिनीत मुळांना साथ देणारे जिवाणूच उरले नसावेत, हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले जाते. झाड नेता येते. त्याच्यासोबतचा सारा गोतावळा नेता येत नाही.

१५/
या तीन कथांवरून परस्थानी संवर्धन व्यर्थ आहे, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. हिंदी महासागरातील रॉड्रिग्ज बेटावरचे ‘कॅफे मारों’ हे झुडूप त्याचे उत्तर आहे. कॉफीच्या कुळातली ही जात कित्येक दशके नष्टच समजली जात होती. १९८० च्या सुमारास एका शाळकरी मुलाने, शिक्षकांनी दाखवलेल्या जुन्या चित्रावरून, रस्त्याकडेचे एक झुडूप ओळखले. ते त्या जातीचे जगातील एकमेव ज्ञात झाड ठरले. बातमी पसरली, तसे लोक औषधासाठी त्याच्या फांद्या तोडू लागले आणि त्याला कुंपण घालावे लागले.

१६/
१९८६ साली त्याच्या फांद्या विमानाने क्यूला गेल्या. त्यांतून रोप जगले, फुलेही आली. पण फळ धरेना. बीजावाचून ही जातही वूडायच्या वाटेने जाणार, असे वाटू लागले. २००३ च्या सुमारास क्यूमधील कार्लोस माग्दालेना यांनी परागीभवनाचे नाना प्रयोग केले आणि अखेर फळ धरले, बी मिळाले. त्या बियांतून झालेली संतती पुढे रॉड्रिग्जला परत गेली. जिथून झाड आले ती जागा माहीत होती, ते मूळ झुडूप कुंपणात जिवंत होते आणि त्याची काळजी घेणारी माणसे बेटावर होती. दोन्ही अटी पाळल्या गेल्या, म्हणून ही वाट परतीची ठरली.

१७/
बीजपेढ्यांविषयीही हेच म्हणावे लागते. बी वाळवून उणे २० अंश सेल्सिअस तापमानात ठेवले की अनेक जातींचे बी दीर्घकाळ जिवंत राहते. थोडक्या जागेत हजारो जाती मावतात. पण सर्वच बिया वाळवण सोसत नाहीत. आंब्याची कोय, फणसाची आठळी, जांभळाचे बी सुकले की मरते. सदाहरित अरण्यातील अनेक वृक्षांचे असेच असते. सिंधुदुर्गातील बांबर्डे येथे रानजायफळाच्या कुळातील वृक्षांची दुर्मीळ दलदल एका देवराईत टिकून आहे. अशा बिया पेढीत ठेवता येत नाहीत. देवराई राखणे हीच तिथली बीजपेढी.

१८/
जगाने हे तत्त्वतः मान्यही केले आहे. १९९२ च्या रिओ परिषदेतील जैवविविधता करारात परस्थानी संवर्धनाचे कलम नववे आहे आणि स्वस्थानी संवर्धनाचे आठवे. नवव्या कलमात परस्थानी उपाय हे प्रामुख्याने आठव्याला पूरक म्हणून योजावेत, आणि शक्यतो ती वनस्पती मूळची ज्या देशातली तिथेच योजावेत, असे म्हटले आहे. वनस्पती संवर्धनाच्या जागतिक धोरणात २०२० पर्यंतचे लक्ष्य होते : संकटग्रस्त जातींपैकी किमान ७५ टक्के जाती परस्थानी संग्रहांत असाव्यात आणि किमान २० टक्के जाती पुनर्स्थापनेच्या कामासाठी उपलब्ध असाव्यात.

१९/
या दोन आकड्यांमधले अंतर बोलके आहे. गोळा करण्याचे लक्ष्य ७५, परत नेण्याच्या तयारीचे २०. गोळा करणे सोपे, दाखवायला सोयीचे, उद्घाटनाला साजेसे. परत नेणे म्हणजे वर्षानुवर्षे डोंगर चढणे, गुरे आणि वणवा आवरणे, गावकऱ्यांशी बोलणे, दहा रोपांतली आठ मेलेली पाहणे. पहिल्या कामाला टाळ्या मिळतात, दुसऱ्याला क्वचितच. धोरणाने हे अंतर मान्य केले, तर संस्थांनी ते वाढवले नाही तरच नवल.

२०/
आता सह्याद्रीकडे. जुन्नर परिसरातील डोंगरांत डाल्झेलला एक छोटीशी, मांसल खोडाची वनस्पती मिळाली. मुंबईचा तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रेअर याच्या नावावरून त्याने १८६५ च्या सुमारास तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटले. मराठीत ती शिंदळ माकुडी. तांबूस-किरमिजी, ताऱ्यासारखे फूल; कड्याच्या फटीत, जिथे हात पोहोचत नाही तिथे मुळे. महाराष्ट्राबाहेर ती निसर्गतः कुठेही आढळत नाही. तिच्या मोजक्या ज्ञात ठिकाणांत शिवनेरी, पुरंदर आणि सज्जनगड आहेत. शिवजन्माचा गड आणि समर्थांच्या समाधीचा गड ज्या कातळावर उभे आहेत, तोच कातळ हिचे घर आहे.

२१/
शिंदळ माकुडी फांदीपासून सहज जगते. त्यामुळे युरोपातील हौशी संग्राहकांच्या कुंड्यांत ती पूर्वीच पोहोचली आहे. म्हणून ती सुरक्षित आहे काय? वर सांगितलेल्या कसोटीवर उत्तर स्पष्ट आहे. त्या कुंड्यांतील बहुतेक रोपे कोणत्या कड्यावरची, हे कोणी सांगू शकत नाही. याउलट शिरवळजवळील नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्रात या जातीच्या संवर्धनाचे काम झाले आहे, ते तिच्या स्वतःच्या भूमीत, तिच्या डोंगरांच्या नजरेच्या टप्प्यात. नोंद आणि घर यांच्या जवळ राहून केलेले थोडे कामही दूरच्या काचघरातील मोठ्या संग्रहापेक्षा मोलाचे असते.

२२/
तिचीच नातलग म्हणजे कंदीलपुष्पे, शास्त्रीय भाषेत सेरोपेजिया. फूल लांबट, कंदिलासारखे. आतल्या खाली वळलेल्या केसांमुळे शिरलेली बारीक माशी अडकते, परागपुंज घेते आणि केस सुकल्यावरच सुटते. यांतील कित्येक जाती सह्याद्रीपुरत्या आहेत. काही एखाद्या डोंगररांगेपुरत्या. हरिश्चंद्रगडाच्या परिसरात सेरोपेजिया लॉइ आहे. कंद खाण्याजोगे असल्याने ते उकरलेही जातात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील उद्यानात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गणाचा संग्रह उभा केला. मात्र त्या माशीला कुंडीत लावता येत नाही. ती कड्यावरच असते.

२३/
आता या प्रश्नातला खरा धोका. ‘आम्ही झाडे दुसरीकडे लावू’ हे वाक्य आज प्रकल्पांच्या अहवालांत सर्रास आढळते. परस्थानी संवर्धनाची यशोगाथा जितकी मोठी, तितके हे वाक्य पटण्याजोगे होते. कोकणच्या जांभ्याच्या सड्यांचे उदाहरण घ्यावे. उन्हाळ्यात ओसाड दिसणारे हे सडे सरकारी दप्तरी बहुधा पडीक म्हणून लागतात. पावसाळ्यात त्यांच्या वीतभर मातीत दुर्मीळ फुलांचा संसार उभा राहतो. डिपकॅडी कोंकणेन्स ही पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती अशाच सड्यांवरची. सातारच्या बाजूला, २०१२ पासून जागतिक वारसा असलेल्या कास पठारावर, वायतुरा आहे. चिरेखाण सड्याला लागली, की हे सारे चिऱ्याबरोबर जाते.

२४/
याच सड्यांवर कोकणातील कातळशिल्पे आहेत. एखादे कातळशिल्प कापून संग्रहालयात नेले तर ते ‘जतन’ झाले, असे इतिहासाचा कोणताही विद्यार्थी म्हणणार नाही. ते कोणत्या सड्यावर होते, कोणत्या दिशेला तोंड करून होते, शेजारी कोणती आकृती होती, यातच त्याचा अर्थ आहे. मग त्याच सड्यावरच्या फुलाला कुंडीत भरून ‘जतन झाले’ असे मान्य करण्याचे कारण काय? वारशाच्या दोन शाखांना दोन न्याय लावणे इतिहासप्रेमींना तरी शोभत नाही.

२५/
उलट बाजूचा आक्षेपही ऐकला पाहिजे. अधिवासच राखा, उद्यानांवर पैसा कशाला, असे काही निसर्गप्रेमी म्हणतात. रॉड्रिग्जच्या रस्त्याकडेला उभ्या असलेल्या त्या एकाकी झुडपापुढे हा युक्तिवाद टिकत नाही. एक वणवा, एक दरड, एक खोदाई यांनी जी जात संपू शकते, तिची प्रत अन्यत्र असलीच पाहिजे. शहाणा लेखापाल अस्सल कागद जपतो आणि नक्कलही ठेवतो. पण नक्कल झाली म्हणून अस्सल जाळून टाकणाऱ्याला कोणी शहाणा म्हणत नाही.

२६/
म्हणून उद्यानांकडून चार गोष्टींचा आग्रह धरणे योग्य ठरेल. प्रत्येक रोपाची जागा आणि सालासह नोंद. शक्य तितक्या वेगवेगळ्या झाडांतून घेतलेले बी, एकाच्याच फांद्या नव्हेत. संग्रहाची दुसरी प्रत दुसऱ्या संस्थेत, कारण दापोडीसारखे उद्यान मिटू शकते. आणि परतीचा लेखी आराखडा : कोणत्या जागी, कधी, कोणाच्या देखरेखीखाली. चौथी गोष्ट ज्या जागेवर अवलंबून आहे, ती जागा कायद्याने राखलेली नसेल, तर पहिल्या तिन्हींचा उपयोग फ्रँक्लिनियाएवढाच.

२७/
गडांवर जाणाऱ्या तरुणांचा या साऱ्याशी थेट संबंध आहे. तटबंदीत रुजलेले वड-पिंपळ दगड फोडतात, ते तज्ज्ञांच्या सल्ल्याने काढावेच लागतात. पण श्रमदानात कड्यावरची प्रत्येक हिरवी वस्तू झाडोरा समजून खरडली जाऊ नये. मोहिमेपूर्वी एखाद्या वनस्पती अभ्यासकाला सोबत घेणे अवघड नाही. दुर्मीळ फूल दिसले, तर छायाचित्र काढावे, रोप उपटू नये आणि नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये. ती माहिती जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागाकडे द्यावी. संग्राहकांना वाट दाखवणारी नोंद आणि संवर्धनाला उपयोगी पडणारी नोंद यांत हाच फरक आहे.

२८/
ओन्गोयेचे अरण्य आज राखीव आहे. वूडायचे घर उभे आहे. तिथे वंश चालवायला जोडीदार नाही. फ्रँक्लिनियाची झाडे पुष्कळ आहेत, तिला घर उरलेले नाही. शिवनेरीच्या कड्यावर मात्र घरही आहे आणि घरचे माणूसही. शिंदळ माकुडी पावसाळा सरताना तिथे फुलते, माश्या येतात, बी धरते. ती जोवर तिथे आहे, तोवर तिच्या कुंडीतल्या प्रतींना काही अर्थ आहे. गडाचा इतिहास सांगताना या रहिवाशाचाही उल्लेख व्हावा. ज्याची दखल घेतली जाते, त्याच्या घरावर घाव घालणे थोडे अवघड होते.